मनाची रोजकीर्द

वार्षिक अहवालात ताळेबंद, जमाखर्च पत्रक आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख असावा, ही आपल्या रुग्णालयाची जुनी प्रथा आहे. आजवर मधुमेह, नेत्रदान, रक्तदान, गर्भवतीची काळजी अशा विषयांवर आपल्या डॉक्टरांनी लिहिले. या वर्षी विश्वस्त मंडळाने विषय सुचवला तो मनाचा, आणि लिहिण्याचे काम सोपवले प्रशासनाकडे. आम्ही डॉक्टर नव्हे; आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तथापि अडचणीत सापडलेली माणसे निर्णय कशी घेतात, हे नोंदणीच्या खिडकीमागून जितके जवळून दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल. त्या अनुभवाला या विषयावरील संशोधनाची जोड देऊन हा लेख सादर करीत आहोत.

रुग्ण तातडीने दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या तासात त्याच्या नातेवाइकापुढे किती कामे येतात, ते पाहावे. केसपेपर काढणे, अनामत रक्कम भरणे, संमतिपत्र वाचून सही करणे, जुने रिपोर्ट शोधणे, चिठ्ठी घेऊन औषधे आणणे, रक्तपेढीत चौकशी करणे, विम्याचे वा शासकीय योजनेचे कागद जमवणे, गावाकडे कळवणे, आणि मध्येच फोन करून ‘काय झालं?’ विचारणाऱ्या प्रत्येकाला सारी हकिगत पहिल्यापासून सांगणे. यांतील एकही काम अवघड नाही. तरीही मोठमोठे व्यवहार लीलया सांभाळणारी माणसे या तासात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिताना अडखळतात. रुग्णाला अमुक औषध सोसत नाही, हे पक्के ठाऊक असूनही सांगायचे राहून जाते. पत्ता चुकला तर दुरुस्त करता येतो. दुसरी गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते.

‘धीर धरा, मन घट्ट करा’ असे अशा वेळी सगळेच सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आमच्या मते या सल्ल्याचा उपयोग बेताचाच. पोत्याखाली वाकलेल्या हमालाला ताठ उभे राहा म्हणण्यापेक्षा त्याचे पोते उतरवून घ्यावे. विचार स्पष्ट राहण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी धैर्याचा नसून ओझ्याचा आहे, आणि ओझे कसे उतरवावे हे शिकता येते.

मनात मावते किती?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस एका वेळी सुमारे सात गोष्टी, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक, मनात धरून ठेवू शकतो, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी दरम्यानच्या संशोधनाचा आढावा घेऊन हा आकडा चारच्या आसपास आणला. आयुष्यभराची स्मृती अफाट असते, परंतु ज्या स्मृतीच्या आधारे आपण त्या क्षणी विचार करतो ती अगदी तोकडी असते. दुकानदाराच्या गोदामात माल कितीही असो, गल्ल्यासमोरच्या फळीवर चारच वस्तू मावतात. पाचवी ठेवली की आधीची एखादी खाली पडते, आणि कोणती पडली हे त्या वेळी कळत नाही.

यावर निसर्गाने एक सोय ठेवली आहे. सुट्या वस्तूंची मोट बांधली तर फळीवर ती एकच वस्तू ठरते. मोबाइलचा दहा आकडी क्रमांक आपण पाच-पाच आकड्यांचे दोन तुकडे पाडून सांगतो, तो याचसाठी. अनुभवी डॉक्टरांनाही याच सोयीचा आधार असतो. ताप, धाप, खोकला, रक्तातील घटलेला प्राणवायू आणि छातीच्या एक्स-रेवरील पांढरा डाग या पाच गोष्टी त्यांच्या मनात न्यूमोनिया या एकाच चित्रात बसतात. समोर उभ्या असलेल्या मुलाला मात्र ते पाच निरनिराळे शब्द ऐकू येतात आणि प्रत्येक शब्द वेगळी भीती घेऊन येतो. डॉक्टरांनी सारे समजावून सांगितले आणि नातेवाईक ‘आम्हांला कोणी काही सांगितलंच नाही’ म्हणतात, तेव्हा दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. नेदरलँड्समधील संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयाचा आढावा घेतला. वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण ऐकल्यानंतर लगेचच विसरतात, आणि जो आठवतो त्यातला जवळजवळ निम्मा चुकीचा आठवतो, असे त्यात नमूद आहे.

जागरणाने ही तोकडी फळी आणखी आखूड होते. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागे असलेल्या माणसांची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावलेली आढळली. २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्याच्या पातळीला गेली. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. रात्रभर अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसून काढलेल्या माणसाला सकाळी गाडी चालवू देऊ नये, हे यावरून उघड होते. मग त्याच माणसापुढे सकाळी शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा कागद ठेवताना आपण दोनदा विचार करावा की नाही? निर्णय तातडीचा नसेल तर ज्याने रात्री झोप घेतली आहे असा घरातला दुसरा माणूस बोलावून घ्या, अशी विनंती आमच्या वैद्यकीय समाजसेविका म्हणूनच करतात. काही नातेवाइकांना ती रुचत नाही, जागरण करणे हीच माया असे त्यांना वाटते. त्यांच्या भावनेचा आम्हांला आदर आहे, पण मायेने जागणारा आणि निर्णय घेणारा असे दोघे वेगळे असले तर रुग्णाचे हित अधिक साधते.

पैशाची चिंता आणि बुद्धी

देणगीदारांनी हा भाग अवश्य वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

आनंदी मणी, सेंथिल मुलैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा एक भाग तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांविषयी होता. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीपूर्वी ओढगस्तीत असतो आणि तोडणीनंतर काही काळ सुस्थितीत असतो. आपल्या वाचकांपैकी जे ऊसपट्ट्यातले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. कारखान्याचे बिल जमा होण्याच्या आधीचे महिने कसे जातात ते त्यांनी पाहिले आहे. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांची बुद्धी आणि अवधान यांच्या चाचण्या दोन्ही काळांत घेतल्या. पैसे हाती आल्यानंतर त्याच माणसांनी त्या लक्षणीयरीत्या चांगल्या सोडवल्या. माणूस तोच, शाळा तीच, अनुभव तोच. फरक होता तो मनातल्या हिशेबाच्या धगीचा. या निष्कर्षांच्या आकडेवारीवर नंतर तज्ज्ञांत मतभेदही झाले, ते नमूद करणे योग्य होईल. परंतु ज्याने आपल्या खिडकीसमोर कधी खिशातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजणारा बाप पाहिला आहे, त्याला मूळ मुद्दा पटवून द्यावा लागणार नाही. त्या बापाला औषधाच्या वेळा सांगून उपयोग नसतो. फळीवरची चारही ठिकाणे रकमेने व्यापलेली असतात.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. सवलत मिळण्यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांसारखे कागद लागतात, आणि ते लागणे रास्तही आहे. पण ते मागायचे केव्हा, यात मोठा फरक पडतो. दाखल होतानाच कागदांची पूर्ण यादी वाचून दाखवली तर घाबरलेला माणूस उपचार नाकारले असे समजतो, हे आमच्या ध्यानात आले. त्यामुळे आपल्याकडे आता प्रथम एकच वाक्य सांगितले जाते : ‘उपचार सुरू झाले आहेत, पैशाचं उद्या सकाळी अकरा वाजता बसून बोलू.’ एवढे ऐकल्यावर माणसाचा खांदा सैल झालेला दिसतो, आणि मग तो रुग्णाचा पूर्वेतिहास नीट सांगू लागतो. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पात्र ठरू शकणाऱ्यांना आरोग्यमित्राकडे आम्हीच घेऊन जातो; ‘तिकडे चौकशी करा’ असे म्हणून बोट दाखवणे बंद केले आहे.

देणगीदार जेव्हा खाटेचा खर्च उचलतात तेव्हा पावतीवर रुपयांचा आकडा येतो. त्या रुपयांनी एखाद्या आईची बुद्धी चार दिवस मोकळी ठेवली, याची नोंद ठेवायला जमाखर्चात रकानाच नाही.

एक ना धड

एका वेळी अनेक कामे उरकणारा माणूस हुशार समजला जातो. वस्तुस्थिती अशी की मन एका कामावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा पहिल्याचा काही अंश मागे रेंगाळत राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे दाखवून दिले. रुग्णालयात याची किंमत मोजावी लागते. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी औषधे देण्याच्या ४,२७१ प्रसंगांचे निरीक्षण झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, औषध देताना परिचारिकेला मध्येच हटकले गेले तर दर व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. म्हणून आमच्या सर्व वॉर्डांत सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन फिरत असताना त्यांच्याशी कोणी बोलू नये, असा नियम अधिसेविकांनी घातला आहे. ‘सिस्टर ऐकून घेत नाहीत’ अशी तक्रार त्या वेळेबाबत आली तर आम्ही ती नम्रपणे बाजूला ठेवतो. त्या न ऐकण्यातच तुमच्या रुग्णाची सुरक्षितता आहे.

स्मरणशक्तीवर विसंबू नये, हा धडा सर्वप्रथम वैमानिकांनी घेतला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे, चार इंजिनांचे विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळले. वैमानिक अननुभवी नव्हते. जमिनीवर असताना विमानाचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. अधिक हुशार वैमानिक आणण्याऐवजी उड्डाणापूर्वी वाचायची एक छोटी यादी तयार करण्यात आली, आणि तेच विमान पुढे हजारोंच्या संख्येने उडाले.

वैद्यकात ही पद्धत यायला बराच काळ जावा लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणे ही त्यातली पहिली. मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी ही पद्धत स्वीकारल्यावर नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा मध्यक दर, नळी वापरलेल्या दर १,००० दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला, असे २००६ सालच्या अहवालात आहे. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची यादी तयार केली. ज्यांच्या आजोबांचे गाव महाराष्ट्रातील उटी, ते डॉ. अतुल गवांदे या कामाचे नेतृत्व करीत होते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या रुग्णालयांत तिची चाचणी झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली जाहीर झाले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ही यादी सक्तीची झाल्यावर १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासण्यात आली, तेव्हा २०१४ सालच्या अभ्यासात मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आम्हां हिशेबनिसांना याचे नवल वाटत नाही. व्हाउचर न पाहता तेरजेवर टिक करणारा कारकून आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. आपल्या शस्त्रक्रियागृहात यादीतील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली जाते आणि सर्वांनी हातातले काम थांबवून उत्तर द्यायचे असते. थांबणे महत्त्वाचे, कागद त्यासाठीचे निमित्त.

कच्ची वही

लुका पाचोली यांचा हिशेबशास्त्रावरील भाग असलेला ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. पहिली कच्ची टिपणाची. व्यवहार घडेल तसा, क्रम न लावता, त्यात उतरवायचा. दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी. आपल्याकडच्या पेढ्यांचीही रीत जवळपास हीच होती. घडते त्या क्षणी वर्गवारी करायची नाही, आधी उतरवून मोकळे व्हायचे आणि दिव्याच्या उजेडात शांतपणे खाती लावायची, ही या पद्धतीतली खुबी. मनाला शिस्त लावण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांला ठाऊक नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ सालच्या प्रयोगांतही, अपुऱ्या राहिलेल्या कामाचा केव्हा आणि कसे करू असा निश्चित बेत आखल्यावर ते काम मनात डोकावून दुसऱ्या कामात अडथळा आणण्याचे थांबते, असे दिसून आले. काम पूर्ण व्हावे लागत नाही. त्याला ठिकाण मिळावे लागते.

ही सवय संकटात शिकता येत नाही, ती आधी अंगी मुरलेली असावी लागते. रोज रात्री निजण्यापूर्वी मनात घोळणारी सारी कामे एका कागदावर उतरवावीत, त्यांतले उद्याचे एक निवडून त्यापुढे वेळ लिहावी, आणि उरलेल्यांना खुशाल तिथेच राहू द्यावे. पहिले आठ-दहा दिवस यादी वाढतच जाते आणि माणूस घाबरतो. मग कळते की तीच सहा-सात कामे वर्षभर डोक्यात वीसदा फिरत होती. ध्यानधारणेविषयीही आम्हांला विचारले जाते. ज्यांना ती साधते त्यांनी जरूर करावी. इगतपुरीच्या शिबिरांहून शांत होऊन आलेले आमचे सहकारी आहेत. मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराशी ती नव्याने सुरू होत नाही. तिथे कागद आणि पेन्सिलच हाताशी असते.

घरातील प्रत्येक ज्येष्ठ माणसासाठी एक पान आजच तयार करून ठेवावे : चालू औषधे व त्यांचे प्रमाण, न सोसणारी औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, रक्तगट, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव. दाखल होताना हे पान पुढे केले की विस्मरणाला वावच राहत नाही. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी प्रश्न लिहून न्यावेत, तीनच, आणि सर्वांत महत्त्वाचा पहिला. भेट संपताना ‘मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा’ एवढे म्हणावे. आमचे डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत, उलट आता परिचारिका घरी सोडताना स्वतःहून तसे विचारतात. चिठ्ठीवरील १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे मान डोलावणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते, असे त्यामुळेच ध्यानात आले. नातलगांना बातमी सांगण्याचे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे द्यावे, आणि ती निर्णय घेणारी व्यक्ती नसावी.

आठवडे लोटले तरी झोप येत नाही, जेवण जात नाही, साध्या गोष्टी सुचत नाहीत किंवा जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर वह्यांनी भागणार नाही. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते.

अहवालवर्षात एका देणगीदारांनी, नाव न छापण्याच्या अटीवर, रुग्णासोबत राहणाऱ्यांसाठी छोट्या वह्या छापून दिल्या. दाखल होताना केसपेपरबरोबर एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल मिळते. पहिल्या पानावर वर सांगितलेल्या माहितीचे रकाने आहेत, पुढची पाने कोरी. घरी जाताना वही रुग्णाकडेच राहते, आणि पुढच्या तपासणीला येताना ती आणावी, अशी सूचना मागील पानावर छापली आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांसाठी कानडीत आणि ज्येष्ठांसाठी मोठ्या टाइपात अशा दोन आवृत्त्या काढण्याचे योजिले आहे. ज्या हितचिंतकांना त्यांचा छपाईखर्च उचलावयाचा असेल त्यांनी कार्यालयात लेखा विभागाशी संपर्क साधावा. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही अशांच्या वहीत नोंदी करण्यासाठी दुपारी दोन तास बसू शकतील, असे सेवानिवृत्त शिक्षकही आम्हांला हवे आहेत.